जाण्याची वेळ

पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या गेटवर आता दोन रजिस्टरं असतात. निळ्या पुठ्ठ्याचं सगळ्या रहिवाशांच्या पाहुण्यांसाठी आणि लाल पुठ्ठ्याचं फक्त ‘लेडीज बॅचलर’ भाडेकरूंकडे येणाऱ्यांसाठी. निळ्यात चार रकाने: नाव, फ्लॅट नंबर, येण्याची वेळ, सही. लालमध्ये पाचवा आहे: जाण्याची वेळ. ठराव कमिटीत एकमतानं मंजूर झाला. सूचक सेक्रेटरी, अनुमोदक खजिनदार, उद्देश ‘सुरक्षितता’. कोणाची सुरक्षितता आणि कोणापासून, हे ठरावात आलेलं नाही. मसुदा तीनदा टाइप झाला म्हणतात, त्यात राहून गेलं असेल.

त्याच इमारतीत ‘जेन्ट्स बॅचलर’ही राहतात. घर मिळवताना त्यांचेही हाल होतात, हे मान्य. पोरं सिंक तुंबवतात, भिंतीला तेलकट डोकी टेकवतात अशी मालकांची समजूत असते, आणि ती बहुतेक वेळा खरी निघते. पण एकदा आत शिरली की पोरं सुटली. तिसऱ्या मजल्यावरच्या चौघांकडे गणपतीत आलेला मावसभाऊ होळी झाली तरी तिथेच आहे. तो कधी जाणार हे त्या चौघांना माहीत नाही, मावशीला माहीत नाही, कमिटीनं तर कधी विचारलंच नाही. उलट सोसायटीच्या क्रिकेट टीममध्ये तो ओपनिंगला जातो. पोरांच्या चपला पॅसेजमध्ये पसरतात म्हणून तक्रार होते. मुलींच्या दारात चपला नीट लावलेल्या असतात, म्हणून त्या कोणत्या नंबरच्या आहेत यावर तक्रार होते.

तर पाचवा रकाना. तो वाचायला दर रविवारी सकाळी कमिटी ऑफिसात बसते. सेक्रेटरी एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. तिथं त्यांनी उभी हयात फायली येण्याची वेळ नोंदवण्यात घालवली. फाइल जाण्याची वेळ असा प्रकार त्या कचेरीत नव्हताच. राहून गेलेली ती हौस आता इथं फिटते आहे. मागे लाल रजिस्टरात ४०४ समोर एक नोंद सापडली: पुरुष, एक, संध्याकाळी ७.४०. पाचवा रकाना कोरा. आता यातून दोनच अर्थ निघतात. एक तर तो गेला आणि नोंद राहिली, किंवा तो गेलेलाच नाही. गेला नसेल तर तो आठवडाभर आत आहे, आणि आत आहे म्हणजे आंघोळ करत असणार, म्हणून खजिनदारांनी टाकीचा हिशोब काढायला घेतला. एका इंजिनियर सभासदानं पाइपवरून खाली उतरणं शक्य आहे का ते पाहून येतो म्हणून सांगितलं आणि तो चहाच्या वेळेपर्यंत इमारतीच्या मागे उभा राहून वर बघत होता. वरच्या बाईंनी त्याच्याविरुद्ध तक्रार दिली, ती वेगळी. मग वॉचमनला बोलावलं. तो म्हणाला, साहेब, त्या वेळी टँकर आला होता, मी पाइप धरून उभा होतो. टँकर महत्त्वाचा की संस्कृती, असा थेट प्रश्न त्याला विचारण्यात आला. त्यानं टँकर असं उत्तर दिलं. त्याचा एक दिवसाचा पगार कापला. शेवटी सीसीटीव्ही. पार्किंगमधला कॅमेरा नुसता टांगलेला आहे. दिवाळीत तिथून दोन सायकली गेल्या, त्यांच्या जाण्याची वेळ आजतागायत कळलेली नाही. लिफ्टसमोरचा मात्र चालू आहे. साठी ओलांडलेले पाच गृहस्थ भेळ खात लिफ्टच्या बंद दाराचं चित्रण बघत बसले. ८.०५ ला दार उघडलं आणि तो बाहेर आला. खांद्याला पिशवी, हातात पाण्याच्या आरओ मशीनचा जुना फिल्टर. कोणीच काही बोलेना. मग खजिनदार म्हणाले, “फिल्टर बदलायला पंचवीस मिनिटं?” आता नियम असा आहे की मुलींच्या फ्लॅटमध्ये मेकॅनिकनं मुली ऑफिसला गेलेल्या असतानाच यावं. दार कोण उघडणार, हा मुद्दा पुढच्या मीटिंगवर ढकलला आहे.

४०४ मधली एक मुलगी बँकेत अधिकारी आहे. गृहकर्ज विभाग. सत्तर-ऐंशी लाखांच्या कर्जप्रकरणावर तिची सही लागते, आणि याच इमारतीतले काही फ्लॅट तिच्या सहीनं उभे आहेत. तिला इथं भाड्यानं राहायचं तर लातूरहून वडिलांचं पत्र आणावं लागलं. वडील निवृत्त मास्तर. त्यांनी शुद्ध मराठीत एका ओळीत लिहिलं, की माझी मुलगी सज्ञान आहे. पत्र परत आलं. ‘चांगल्या वर्तणुकीची हमी’ हे शब्द त्यात हवेत, असं कमिटीनं कळवलं. अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो हा कायदा इंग्रजांनी १८७५ साली केला. दीडशे वर्षं झाली, पण टपाल या गेटपर्यंत पोचायचं आहे. दुसरं न पोचलेलं टपाल म्हणजे आदर्श उपविधी. सभासदाला आपला फ्लॅट भाड्यानं द्यायचा तर संस्थेची परवानगी लागत नाही, नुसतं कळवावं लागतं, असं त्यात म्हटलं आहे. उपविधींची प्रत ऑफिसच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली मागच्या सेक्रेटरींकडे आहे, आणि त्यांचं नि आताच्यांचं बोलणं नाही.

बाकी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या मावसभावाच्या वडिलांचं नावही कोणाला ठाऊक नाही.

आता समीरा. ती आर्किटेक्ट आहे, इमारती काढते, म्हणजे कागदावर. एजंटला फोन केला तेव्हा तिनं नुसतं समीरा सांगितलं, आणि एजंटकडे चार फ्लॅट निघाले. दोन तर लगेच बघता येतील असे. “पूर्ण नाव सांगा ना मॅडम, मालकांना कळवायचंय.” तिनं शेख सांगितलं. त्या क्षणी चारही इमारतींचं पाणी गेलं. एका ठिकाणी बोअर आटली, दुसरीकडे मोटर जळाली, तिसऱ्या मालकाला अचानक स्वतःच राहायला यायचं ठरवावं लागलं आणि चौथ्यानं “तुम्हालाच अनकम्फर्टेबल होईल हो” अशी काळजी व्यक्त केली. मुसलमान भाडेकरूची एवढी काळजी घेणारा देश दुसरा दाखवा. शिवाय ती एकटी आहे, शिवाय स्त्री आहे, म्हणजे नाकारायला तीन कारणं हाताशी होती. पण सुशिक्षित माणूस तिन्ही गिळतो आणि पाण्याचं सांगतो.

यात बेकायदेशीर काय, असं विचाराल तर फारसं काही नाही, आणि इथंच माझं डोकं फिरतं. संविधानाच्या पंधराव्या कलमात धर्म, जात, लिंग वगैरे कारणांवरून कोणाला कुठं अडवता येणार नाही याची यादी आहे. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा. शिवाय सार्वजनिक विहिरी, तलाव, घाट, रस्ते. म्हणजे समीरा इमारतीसमोरच्या हॉटेलात मिसळ खाऊ शकते, समोरच्या रस्त्यावर दिवसभर उभी राहू शकते, नदीच्या घाटावर जाऊन बसू शकते. राहायचं तेवढं विचारू नये. त्या यादीत दोन बेडरूम-हॉल-किचन नाही. घर भाड्यानं देताना, विकताना भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट नाव घेऊन सांगणारा कायदा आपल्याकडे तृतीयपंथी व्यक्तींसाठी झाला, २०१९ मध्ये. तो या इमारतीत कोणी मोडलेला नाही. मोडायला आधी त्यांच्यापैकी कोणीतरी गेटच्या आत यायला हवं.

चेअरमन शाकाहाराबद्दल फार काटेकोर आहेत. “व्हेज आहात ना?” हा त्यांचा पहिला प्रश्न, त्यात आडनावाचं काम परस्पर होतं आणि विचारणारा सात्त्विक ठरतो. स्वतः ते बुधवारी सुरमई खातात, पण बाहेर. चिरंजीवांची बिर्याणी रात्री अकराला घरपोच येते. ती आणणारा पोरगा मागच्या लिफ्टनं येतो, कारण पुढची लिफ्ट डिलिव्हरीवाले, कामवाल्या आणि भंगारवाल्यांसाठी नाही.

त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. तिथं ती एका मुलासोबत राहते. “रूममेट आहे, तिकडे तसंच असतं,” असं चेअरमन सांगतात आणि आपण मान हलवायची असते. तिला घर घेताना कोणी वडिलांचं पत्र मागितलं नाही. तिथं १९६८ पासून फेअर हाउसिंग कायदा आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. वंश, धर्म, मूळ देश यावरून घर नाकारायचं नाही; १९७४ मध्ये त्यात स्त्री की पुरुष हेही आलं. तरी मागे एका घरमालकानं तिला फोडणीच्या वासाबद्दल काहीतरी सुनावलं. चेअरमननी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिनाभर वंशवादाविरुद्ध आघाडी उघडली. गोऱ्यांची मानसिकता, आपली सहिष्णुता, वसुधैव कुटुंबकम, सगळं येऊन गेलं. एकानं मेणबत्तीचं चित्र टाकलं. त्याच आठवड्यात एका भाडेकरूच्या स्वयंपाकघरातून बोंबलाचा वास येतो म्हणून त्याला दिलेली नोटीस चेअरमनच्याच सहीची होती. माणसाचं नाक समुद्र ओलांडल्यावर इतकं उदार होतं हे मला माहीत नव्हतं.

एकट्या बाईचे आणखीही प्रकार आहेत. बी विंगमधल्या विधुर काकांना शेजारणी आळीपाळीनं डबा देतात, आणि द्यावाच, माणूस चांगला आहे. त्यांच्याच वरच्या मजल्यावर एक घटस्फोटित बाई मुलासह राहते. तिला डबा नाही. तिला “मग तुम्ही एकट्याच?” हा प्रश्न मिळतो, लिफ्टमध्ये, कचरा टाकताना, मुलाच्या बसस्टॉपवर. तिच्या मुलाच्या वाढदिवसाला बाप आला होता. बाप! त्याचीही नोंद लाल रजिस्टरात झाली.

कमिटीत दोन जागा महिलांना राखीव आहेत आणि त्या भरलेल्या आहेत. एकीवर चेअरमनच्या सौ., दुसरीवर खजिनदारांच्या वहिनी. हळदीकुंकू, भोंडला, गणपतीच्या प्रसादाचं वाटप आणि मुलींना समजावून सांगणं ही कामं त्यांच्याकडे. “आम्हीसुद्धा बायकाच आहोत गं, तुमच्या चांगल्यासाठीच सांगतोय.” लाल रजिस्टरच्या ठरावावर दोघींची सही आहे. त्यांतल्या एकीला लग्नाआधी नोकरीच्या गावी खोली मिळाली नव्हती, म्हणून आलेली नोकरी सोडावी लागली होती. हे तिनंच एकदा हसत हसत सांगितलं. मी हसलो नाही. असल्या गोष्टी हसत सांगायला बायकांना कोण शिकवतं, आणि तेच पुढच्या पोरींच्या माथी मारायला कोण शिकवतं, याचा मला मनापासून राग येतो.

आणि ए विंगमधलं ते घर. नंबर सांगत नाही. त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तुमच्या इमारतीतला तुम्हाला. शनिवारी रात्री तिथून भांडी आपटल्याचा आवाज येतो, मग बाईचा. फॅमिली आहे, मालक आहेत, मेंटेनन्स वेळेवर भरतात. भिंत कॉमन आहे, आवाज स्वच्छ येतो. शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवतात. एका मुलीनं, ४०४ मधल्याच, वर जाऊन बेल वाजवली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ सालचा आहे आणि शेजारीसुद्धा कळवू शकतो, एवढं तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी कमिटीनं तिला बोलावून ताकीद दिली. भाडेकरूंनी सभासदांच्या घरगुती बाबतीत पडू नये. रात्री साडेदहाला ती त्या मजल्यावर काय करत होती, याचा खुलासाही मागितला. फिल्टर बदलणाऱ्या पोराची पंचवीस मिनिटं मोजणाऱ्या पाच जणांपैकी एकालाही त्या घरातला आवाज आजवर ऐकू आलेला नाही. वर्षानुवर्षं! कान नाहीत का यांना? कान आहेत. ४०४ मध्ये रात्री गाणं लागलं की दुसऱ्या मिनिटाला इंटरकॉम वाजतो.

असो. वार्षिक सभा तोंडावर आली आहे आणि नव्या कमिटीच्या जागांचा तक्ता बोर्डावर लागला आहे. सर्वसाधारण सहा जागा, सहांनाही उमेदवार. महिला दोन, त्याच दोघी, बिनविरोध. अनुसूचित जाती-जमाती एक: रिक्त. इतर मागासवर्ग एक: रिक्त. भटके-विमुक्त एक: रिक्त. पुढे शेऱ्यात सेक्रेटरींनी नेटक्या कचेरी अक्षरात लिहिलं आहे, ‘पात्र सभासद उपलब्ध नाही.’ उपलब्ध झाला असता. गेल्या पावसाळ्यात डी विंगमधला विकाऊ फ्लॅट घ्यायला एक गृहस्थ आले होते. सरकारी नोकरीत, कर्ज मंजूर झालेलं, चेकबुक खिशात. पूर्ण नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, घ्या की, आमचं काहीच म्हणणं नाही, फक्त आधीच सांगून ठेवतो, इथं पाण्याचा फार प्रॉब्लेम आहे.