सप्त्याची वाट कशी पाहावी? नवशिक्यांसाठी सोप्या आठ पायऱ्या

चैत्र लागला की कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात, चिंताकीच्या आसपास, गावोगावी मंडपाचे बांबू उतरू लागतात. कुठे रामनवमी धरून, कुठे हनुमान जयंती धरून अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे चारला काकडा, मग पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊला कीर्तन, त्यानंतर जागर. सात दिवस, म्हणजे १६८ तास, गाणे थांबत नाही. तिकीट नाही, पास नाही, त्यामुळे याला संगीत महोत्सव म्हणायचे कुणाला सुचत नाही. अशा सोहळ्याची वाट पाहणे येरागबाळ्याचे काम नव्हे. नोकरीसाठी नुकतेच गाव सोडले असेल, तर पुढील पायऱ्या पाठ करा.

१. गावापासून लांब राहा. उत्साह अंतरावर ठरतो. बिदरला राहणारा ‘बघू’ म्हणतो, हैदराबादचा ‘येतो’ म्हणतो, पुण्याचा ‘यंदा दणक्यात झाला पाहिजे’ म्हणतो. दिवाळीपासूनच गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडलेली चित्रे टाका. ‘यंदा सातही दिवस येणार’ असे लिहा. कोणत्या तारखेला, हे लिहू नका. सुट्टी मिळत नाही हो, काय करणार!

२. निमंत्रण पत्रिकेकडे लक्ष द्या. सप्त्यात काय गायले जाणार याची काळजी करू नका, ते शेकडो वर्षांपूर्वीच ठरले आहे. तुमचे नाव कितव्या ओळीत येणार, एवढेच ठरायचे राहिले आहे. फोटो द्याल तर फेट्यातला द्या. समोरच्या भावकीचा फोटो मोठा आला, तर ‘आम्हाला मान नको, पण पद्धत असती’ म्हणून उठून जा. समजूत काढायला माणसे येतील. दोनदा येऊ द्या. दरम्यान पोलीस ठाण्याचा अर्ज कन्नडमध्ये लिहिणे, पत्रिका मराठीत तपासणे आणि मंडपवाल्याशी दखनीत घासाघीस करणे ही कामे दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. तो करतोच दरवर्षी.

३. मोठ्या महाराजांचा आग्रह धरा. ज्यांची क्लिप मोबाईलवर येते तेच मोठे. त्यांची तारीख मिळत नाही, मिळाली तर बिदागी परवडत नाही, आणि आले तर पुढच्या गावची वेळ झालेली असते. तरी मागे हटू नका. गावातला म्हातारा पखवाजी सातही दिवस साथ करील. त्याची चिंता नको, त्याला काल्याला टॉवेल, टोपी आणि नारळ दिला की भागते. गावचाच माणूस, त्याला काय वाटायचंय?

४. वर्गणीच्या वेळी हिशोबाची आठवण काढा. उंबऱ्यामागे आकडा ठरला की लगेच विचारा, ‘मागच्या साली किती उरले होते?’ हा प्रश्न वर्षाचे बाकी दिवस विचारू नका, त्याची धार जाते. हिशोब समोर ठेवलाच, तर ‘मला काय करायचंय, मी आपलं विचारलं’ म्हणा आणि पैसे पुढच्या आठवड्यात पाठवतो असे सांगा. आठवडा कोणता, हे गुलदस्त्यात राहू द्या.

५. जाणकार व्हा. याला गळा लागत नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात, हे लक्षात ठेवा. ती ओली असते तोवर बोल खर्जात घुमतो. चैत्राच्या झळांत ती वाळते आणि नाद बदलतो. म्हणून दुपारच्या भजनात केव्हाही मान हलवून ‘कणीक सुकली वाटतं’ म्हणा, बहुधा बरोबर ठराल. पुण्याचा पाहुणा १९५३ पासूनच्या सवाई गंधर्व महोत्सवाचे कौतुक सांगू लागला, तर आपल्या हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे नाव काढा. ते संत माणिकप्रभूंचे गाव, त्यांचा जन्म १८१७ चा. त्यांनी मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीतही पदे रचली, आणि त्यांच्या दरबारात गाणे-बजावणे असे. पाहुणा गप्प बसेल. त्यातले एखादे पद म्हणून दाखवा म्हणाला, तर चहा आणायला आत जा.

६. आवाज मोठा ठेवा. केंद्राच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद असतात. सरकार सवलत देऊ शकते, पण ती मध्यरात्री बारापर्यंत आणि वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. पहाटे चारच्या काकड्याला त्यात जागा नाही. कचरू नका. झोपलेल्या लेकरांचा आणि दम्याच्या म्हातारीचा विचार करायला देव समर्थ आहे. भोंग्याचे तोंड शेजारच्या गावाकडे करा, कारण त्यांनीही त्यांचे तोंड आपल्याकडे केलेले असते. दोन्ही काकडे मधल्या तुरीच्या रानात एकमेकांना भिडतात आणि तिथे ऐकायला टिटव्यांखेरीज कुणी नसते.

७. पंगतीची वेळ साधा. सात दिवस येणार म्हणालात, ते विसरा. आठव्या दिवशी या. काल्याचे कीर्तन सकाळी दहाला उभे राहते. तुम्ही साडेअकराला मंडपात शिरा, पुढच्या रांगेतून चालत जा, महाराजांच्या पाया पडा. सगळ्या गावाने पाहिले पाहिजे. दहीहंडी फुटली की पहिल्या पंगतीला बसा. हुग्गी गरम असते. वाढपी होण्याचा मोह टाळा, वाढणारा शेवटी जेवतो आणि तोवर बुंदी संपते.

८. पहाऱ्यापासून सांभाळा. सप्ता अखंड असतो तो वीणेमुळे. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. दोन-दोन तासांचा पहारा धरला तर ८४ पाळ्या होतात. संध्याकाळी सहा ते आठ ही पाळी सगळ्यांना हवी असते, तेव्हा मंडपात गर्दी असते आणि फोटो चांगला येतो. रात्री दोन ते चारची पाळी कुणी मागत नाही. तुम्हीही मागू नका. कंबर दुखते, सकाळची गाडी आहे, बायको माहेरी आहे, यातले एक कारण पुरते.

एवढ्या पायऱ्या चढलात की वाट पाहण्यात तुम्ही तरबेज झालात. सात रात्री दोन ते चार वीणा घेऊन उभे राहतात ते गावातले तेच चार-पाच म्हातारे. त्यांची नावे पत्रिकेत ‘समस्त गावकरी मंडळी’ या शेवटच्या ओळीत येतात. दरवर्षी त्यांच्यातला एखादा कमी होतो आणि त्याची पाळी उरलेल्यांवर पडते. मोठे महाराज नाही आले तरी सप्ता होतो, बुंदी नाही झाली तरी होतो. वीणा धरायला माणूस नसेल तर होत नाही. तेव्हा यंदा फोटो पाठवण्याआधी गावाकडे एक फोन करा आणि पहाऱ्याच्या वहीत एका रात्रीला, दोन ते चारच्या रकान्यात, तुमचे नाव लिहायला सांगा.