दृष्टिआड सृष्टी

या माशाचं नाव ॲपिस्टोग्रामा काकाटुऑइडिस. एवढं उच्चारेपर्यंत पाहुण्यांचा चहा निवतो, म्हणून आमच्या घरात नराला काका म्हणतात आणि त्याच्या दोन माद्यांना, ओघानंच, थोरल्या काकू आणि धाकट्या काकू.

काका मूळचे पेरूकडचे, ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. लांबी फार तर 8 सेंटीमीटर, पण पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उभारून असे फिरतात, की सगळी नदी यांच्या नावावर सातबाऱ्यात चढलेली असावी. घराणं सिक्लिडांचं, म्हणजे गोव्याच्या काळुंदराचे हे दूरचे भाऊबंद. त्याच्या नशिबी रवा आणि तवा, यांच्या नशिबी 26 अंशांचा हीटर. या बुटक्या सिक्लिडांमध्ये काकांनाच निवडायचं कारण पाणी. त्यांच्या बऱ्याच नातलगांना मऊ, किंचित आम्ल पाणी लागतं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, त्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळसुद्धा शिजत नाही. काका त्यातही निभावून नेतात.

भानगड आहे ती संसाराची. एरवी काका दोन्ही काकूंच्या मागे लागून त्यांना नकोसं करतात. दोघी काकू एकमेकींचं तोंड पाहायला तयार नसतात. आणि करवंटीच्या गुहेत अंडी घातली, की आजवर राखाडी दिसणाऱ्या 5 सेंटीमीटरच्या काकू हळदीसारख्या पिवळ्याधमक होतात, अंगावर काळ्या खुणा उमटतात आणि त्या आपल्या दीडपट नवऱ्याला हाणत हाणत हीटरच्या मागे नेऊन बसवतात. पेटी दोन फुटांची. काकांनी जायचं कुठं?

म्हणून या पेटीत झाडं लागतात. शोभा वगैरे नंतर. कुणी कुठेही पोहत असो, त्याला दुसऱ्याचं थोबाड दिसता कामा नये, एवढं एकच काम झाडांनी करायचं असतं. दिसलं नाही की भांडण नाही. मात्र हे दुकानदाराला सांगून बघा.

“साहेब, हे लाल घ्या. एकदम शो येतो.”

“पण याच्यामागे मासा लपेल का?”

“लपवायचाय कशाला? पैसे मोजून घेतलाय ना?”

युक्तिवाद बिनतोड होता. ते लाल झाड म्हणजे रोटाला मॅक्रान्ड्रा, आपल्याच दक्षिण भारतातलं. पण पेटीत उतरलं की त्याला नाटकाच्या रंगमंचाइतका उजेड लागतो आणि वर कार्बन डायॉक्साइडचं सिलिंडर. बायकोनं एवढंच विचारलं, “याला सबसिडी आहे का?” शिवाय तसल्या झगझगीत उजेडात काकांचा रंग उतरतो आणि ते कोपरा धरून बसतात. मग दुकानदारानं लकी बांबू पुढे केला. तो पाण्यातला नव्हेच. मुळं पाण्यात आणि डोकं बाहेर असेल तोवर बरा, आख्खा बुडवला की कुजतो. तरी पाणवनस्पतींच्या रांगेत तो ऐटीत उभा असतो.

जपानच्या ताकाशी अमानोंनी काचेच्या पेटीत डोंगर, दऱ्या आणि हिरवीगार कुरणं उभी केली, तेव्हापासून प्रत्येकाला तळाशी गालिचा हवा असतो. अमानोंच्या पेट्या मलाही आवडतात, पण त्यांच्यात काका नव्हते. काका दिवसभर तोंडात वाळू भरून घेतात, खाण्याजोगं काही असेल ते गिळतात आणि उरलेली कल्ल्यांमधून सोडून देतात. तिथं नखाएवढी रोपं मुळं धरणार कधी?

उपयोगाची झाडं दिसायला अगदी साधी असतात. जावा फर्न आणि अनुबियास ही दोन्ही मातीत लावायचीच नाहीत. त्यांचं आडवं खोड पुरलं की सडतं. शिवणाच्या दोऱ्यानं लाकडाच्या ओंडक्याला बांधायची आणि विसरून जायची. उजेड कमी असला तरी चालतं, आणि वाळू कितीही उपसली तरी त्यांचं काही बिघडत नाही. अनुबियासची वाढ सरकारी फायलीच्या वेगानं होते, पण पान असं जाडजूड, की त्याच्या एका बाजूला थोरल्या काकू आणि दुसऱ्या बाजूला धाकट्या काकू सुखानं नांदतात. क्रिप्टोकोरिनचं मात्र नाजूक काम. श्रीलंकेची वेंड्टी आणून लावावी, तर सासर बदलल्याच्या रागानं ती सगळी पानं गाळून, विरघळवून टाकते. बायको म्हणाली, “गेलं हो ते, फेका आता.” फेकायचं नसतं. खाली मुळं जिवंत असतात. काही आठवड्यांनी नवी पानं येतात आणि मग झाड हलत नाही. तिचीच एक बहीण, स्पायरॅलिस, आपल्या पश्चिम घाटात ओढ्याकाठी उगवते, तिथं तिचे नखरे कुणी सोसत नाही.

गंमत म्हणजे काकांच्या मूळ गावी पुष्कळ ठिकाणी पाण्यात झाडंच नसतात. काठच्या जंगलातून पडलेल्या पानांचा थर असतो आणि सगळी लपाछपी त्या पाचोळ्यात चालते. इथल्या पेटीत त्याची जागा घेतं देशी बदामाचं पान. ऑनलाइन ते पाकिटातून मिळतं, नगावर मोजून. आमच्या सोसायटीत झाडूवाल्या मावशी रोज ढीगभर गोळा करतात. वाळून आपोआप पडलेली, फवारणी न झालेली तांबडी पानं मी निवडू लागलो, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, “पत्रावळी लावताय का?” धुऊन ती पाण्यात सोडली. दोन दिवसांत पाणी तांबूस झालं. आई चष्मा पुसत म्हणाली, “अरे, यात कोरा चहा कुणी ओतला?”

वरून थोडी सावली हवी म्हणून तरंगती वनस्पतीही लागते. इथं मात्र पुणेकराला हसावं की रडावं कळत नाही. मुळा-मुठेवर अंथरलेली जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतलीच, म्हणजे काकांच्या मुलखातली. तिला कुणी खत घातलं नाही, सिलिंडर लावलं नाही. महापालिका दरवर्षी ती काढते, ती दरवर्षी येते. पण घरात आणायची सोय नाही. नदीतलं सांडपाणी सोबत येईल, आणि तिला ऊन लागतं भरभक्कम. खोलीतल्या दिव्याखाली ती झुरते.

शेवटी सावलीचा प्रश्न सुटला तो स्वयंपाकघराच्या खिडकीत. सरबताच्या जुन्या बाटलीत आईचा मनी प्लँट होता. त्याची मुळं पाण्यात आणि पानं बाहेर, असा पेटीच्या मागच्या काठावर अडकवला. पाण्यातलं नायट्रेट तो शोषतो, हवेतला कार्बन डायॉक्साइड त्याला फुकट मिळतो. मुळं वाढत वाढत थेट वाळूला टेकली आणि धाकट्या काकूंनी आपली सगळी पिल्लं त्या जंजाळात नेऊन ठेवली. आता तिथं काकांना प्रवेश नाही आणि मला कात्री लावायची परवानगी नाही. वेल पडद्याच्या दांडीवर चढलाय. आईचं म्हणणं एवढंच, की वेल राहू दे, पण बाटली कुठं ठेवलीस ते सांग.