विषय : जीवितास धोका असल्याबाबत

नांदेड-लातूरकडं सध्या ज्याच्या जिवाला धोका नाही, त्या माणसाला फारशी किंमत राहिलेली नाही. पूर्वी माणूस मोठा झाला की दारात पांढरी गाडी यायची, चौकात वाढदिवसाचं बॅनर लागायचं आणि लोकांना तेवढ्यावर पटायचं. आता पटत नाही. आता कुणीतरी तुमच्या जिवावर उठलेलं असावं लागतं आणि ते सरकारनं लेखी मान्य करावं लागतं. या मान्यतापत्राला शस्त्र परवाना म्हणतात. रिव्हॉल्व्हर त्याच्यासोबत येतं, शालीसोबत नारळ येतो तसं.

आमच्या परिचयाचे एक मालक आहेत. प्लॉटिंगचा धंदा, हायवेला मंगल कार्यालय, शिवाय एका पतसंस्थेवर संचालक. त्यांनी परवान्यासाठी अर्ज केल्याचं कानावर आलं, म्हणून काळजीनं विचारायला गेलो.

"धमकी-बिमकी आली का काय मालक?"

"अजून नाही. पण येईस्तोर थांबावं का माणसानं?"

"पोलिसांच्या कानावर घातलं का?"

"पोलिसाच्या भरोशावर कोण बसलंय आता? उद्या कुणी दारात उभं राहिलं तर एकशे बारा लावून वाट बघत बसू का?"

थोडक्यात, मालकांचा व्यवस्थेवर काडीचा विश्वास नाही. म्हणून त्यांनी व्यवस्थेकडं अर्ज केला. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो. जिल्हाधिकारी पोलीस अधीक्षकांना विचारतात, अधीक्षक ठाण्याला विचारतात, ठाणं बीट अंमलदाराला विचारतं आणि बीट अंमलदार मालकांच्या मंगल कार्यालयात येऊन मालकांनाच विचारतो. चहा होतो. चारित्र्य चांगलं निघतं. ज्या ठाण्याचा भरोसा नाही म्हणून बंदूक पाहिजे, त्याच ठाण्याचा शेरा अर्जावर अनुकूल पाहिजे. त्यामुळं गेले काही महिने मालक ठाण्याशी इतके गोड वागलेत, की आता त्यांच्या हाकेला पोलीस पाच मिनिटांत धावून येतील. म्हणजे बंदुकीची गरज संपली. पण हे त्यांना सांगणार कोण?

कागदपत्रांचं म्हणाल तर ओळखपत्रं, आयकर विवरणपत्रं, हत्यार नीट जपून ठेवीन असं हमीपत्र, ते चालवायला शिकल्याचा दाखला, आणि शरीर-मन धडधाकट असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र. या शेवटच्या ठिकाणी मालक अडकले होते म्हणतात. डॉक्टरनं सहज विचारलं, "विनाकारण भीती वाटते का?" हो म्हणावं तर प्रमाणपत्र अडतं, नाही म्हणावं तर परवाना अडतो. मालकांनी हसून वेळ मारून नेली.

थट्टा बाजूला ठेवून एक गोष्ट मान्य करायला हवी. या भागातली भीती हवेतून आलेली नाही. 2018 च्या जून महिन्यात लातुरात एका खासगी शिकवणीच्या संचालकाला रात्री गोळ्या घालून मारलं, आणि पोलिसांनी पकडलं ते दुसऱ्या शिकवणीच्या चालकाला. लातूर पॅटर्नमध्ये स्पर्धा टक्क्यांची आहे असं आपण तोवर समजत होतो. 5 एप्रिल 2022 ला नांदेडमध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला त्याच्याच घरासमोर, भरदिवसा, दुचाकीवरून आलेल्या दोघांनी गोळ्या घातल्या. या माणसानं व्यवस्थेवर विश्वास ठेवला होता. खंडणीची धमकी आली तेव्हा तो पोलिसांकडं गेला होता, त्याला संरक्षणही मिळालं होतं, आणि ते काही महिने आधी काढून घेण्यात आलं होतं. धोका संपला असा निष्कर्ष कागदावर निघाला होता. मारेकऱ्यांपर्यंत कागद पोचला नसावा. त्या घटनेचं सीसीटीव्ही चित्रण जिल्ह्यानं मोबाईलवर पाहिलं, आणि पाहणाऱ्या प्रत्येक दुकानदाराच्या मनात एकच विचार आला, की आपल्यालाही एक पाहिजे. गाडीचं दार उघडून उतरेपर्यंत जे घडून गेलं, त्यात कमरेचं हत्यार काढायला वेळ कुठं होता, हा विचार फार थोड्यांच्या मनात आला.

तर मालकांची खरी अडचण कागदांची नव्हती, धमकीची होती. गुंडानं आपल्याला अजून धमकी दिली नाही, म्हणजे गुंडाच्या लेखी आपण कोणीच नाही, हे दुःख सांगता येत नाही. यावर काहींनी उपाय काढलेत. 2025 च्या मे महिन्यात पुण्यात एका राजकीय पदाधिकाऱ्याच्या मोटारीवर गोळ्या झाडल्या गेल्या. मोठी खळबळ उडाली. नंतर पोलिसांनी सांगितलं, की शस्त्र परवाना मिळावा म्हणून स्वतःच घडवून आणलेला हा बनाव होता. आता यात गंमत बघा. परवान्याचं हत्यार मिळावं म्हणून बिगरपरवान्याचं हत्यार वापरलं. ते तर काय, मिळतंच. मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या उमर्टीचा माल इकडं यायला कुठला शेरा लागत नाही. त्याचा शेवट मात्र ठरलेला आहे. स्थानिक गुन्हे शाखेला गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळते, सापळा रचला जातो, आणि आरोपीच्या कमरेला एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे दोन पंचांसमक्ष मिळून येतात. फोटोत मागं साहेब उभे, पुढं आरोपी खाली मुंडी घालून. तलवारीनं केक कापणाऱ्या बड्डे बॉयचाही असाच फोटो येतो, फक्त त्यात केक नसतो.

परवाना मिळाल्यावर काय होतं, हे बघायला लांब जायला नको. लातूरच्या शेजारीच बीड आहे. 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर जिल्ह्यातले परवाने मोजायचं लोकांच्या डोक्यात आलं. बाराशेच्या वर निघाले. तेव्हा सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी शेजारच्या परभणीचा आकडा पुढं केला, तो होता 32. म्हणजे परभणीकर एक तर फार शूर किंवा फार किरकोळ. मग हवेत गोळीबार करणाऱ्यांचे जुने व्हिडिओ बाहेर आले. गुन्हे दाखल असलेल्यांच्या नावावरही परवाने होते, हे कळलं. पोलिसांनी प्रस्ताव पाठवले आणि शंभरावर परवाने रद्द झाले. चांगलंच झालं. पण त्या प्रत्येक परवान्याच्या फायलीत कधीकाळी कुठल्यातरी ठाण्याचा शेरा लागलेला असणारच ना? चारित्र्य आधी उत्तम होतं आणि बंदूक आल्यावर बिघडलं, असं असेल तर मग डॉक्टरचा दाखला नंतर घ्यायला पाहिजे.

आणि एवढ्या बंदुका असलेल्या जिल्ह्यात सरपंचाला मारताना बंदूक लागलीच नाही. अपहरण केलं आणि मारहाण करून जीव घेतला. पवनचक्की कंपनीकडं मागितलेल्या खंडणीत आडवा आला म्हणून, असं आरोपपत्र म्हणतं. ज्याला खरंच धोका होता, त्याच्या कमरेला काही नव्हतं. त्याच्या बाजूनं उभी राहायची ती व्यवस्था काय करत होती, हे नंतरच्या निलंबनांवरून कळलं.

पण बंदूक वापरण्यासाठी घेतात, असा आपला समज आहे. ती दिसण्यासाठी घेतात. शर्ट थोडा वर सरकला पाहिजे, लग्नात जेवायला बसताना ती काढून बायकोच्या पर्समध्ये ठेवता आली पाहिजे. 2019 च्या दुरुस्तीनं उत्सवी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला, दोन्हीही होऊ शकतं, तेव्हापासून वरातीत थोडा सन्नाटा आहे. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा ठेवली. तिसरं घेऊन बसलेल्यांनी ते जमा करायचं. जीव एकच असून तीन हत्यारं कशाला लागत होती, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सगळ्यात मोठी मौज निवडणुकीत असते. मराठवाड्यात ज्या दिवसांत खरोखर डोकी फुटतात, ते दिवस निवडणुकीचे. आणि नेमकी तेव्हाच आचारसंहिता लागते, छाननी समिती बसते आणि परवानाधारकांना नोटीस येते, की हत्यार ठाण्यात जमा करा. 2024 साली 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, ती जूनपर्यंत. मग 15 ऑक्टोबरला विधानसभेची. नांदेडकरांचं नशीब बघा, खासदार वसंतराव चव्हाण गेल्यामुळं त्यांना त्याच 20 नोव्हेंबरला लोकसभेची पोटनिवडणूकही होती. एका वर्षात दोनदा लोकसभा. म्हणजे ज्या पोलिसांचा भरोसा नाही म्हणून कानपूरचं रिव्हॉल्व्हर घेतलं, ते वर्षातले कित्येक महिने त्याच पोलिसांच्या ताब्यात, पावती घेऊन. मालकांचे एक व्याही लातूरला असतात. ते म्हणाले, "हत्यार ठाण्यात असलं की मला लई निवांत झोप लागती. घरात असलं की पोरगं उचलतंय का, चोर नेतोय का, हाच घोर."

मालकांचा पुतण्या टेक्सासात असतो. तिथं 1 सप्टेंबर 2021 पासून बहुतेक सज्ञान माणसांना पिस्तूल कमरेला लावून हिंडायला परवानाच लागत नाही. हे ऐकून मालक खूश होतील असं पुतण्याला वाटलं होतं. मालक नाराज झाले. "मग तिथं कुणाकडं आहे आणि कुणाकडं नाही, काय फरक?" अमेरिकेत शंभर माणसांमागं एकशेवीस बंदुका आहेत असा 2018 चा एक अंदाज सांगतो. एवढ्या गर्दीत आपल्या मालकांना कोण विचारणार?

अर्जात मालकांनी घराण्याची परंपराही लिहिली आहे. आजोबा रझाकारांविरुद्ध लढले म्हणे. आता नांदेड-लातुरात ज्याचे आजोबा रझाकारांविरुद्ध लढले नाहीत असा माणूस मला अजून भेटायचाय. सगळ्यांचेच आजोबा लढले असते तर निजामाला 17 सप्टेंबर 1948 पर्यंत टिकता आलं नसतं. पण जे खरंच लढले, ज्यांनी 1948 च्या जानेवारीत उमरीची बँक लुटली, त्यांनी त्यासाठी निजामाच्या कलेक्टराकडं अर्ज केला नव्हता, आणि शर्ट वर करून कुणाला काही दाखवलंही नव्हतं.

हे सगळं चालू असताना किनवटकडच्या एका शेतकरी बाबांचाही अर्ज त्याच टेबलावर आहे. खरं तर 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 13 त्यांच्या बाजूचं आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, दुसरी काही हरकत नसेल तर, परवाना द्यावा असं तिथं स्पष्ट म्हटलंय. रिव्हॉल्व्हर मागणाऱ्यानं मात्र सबळ कारण दाखवून अधिकाऱ्याची खात्री पटवायची आहे. प्रत्यक्षात खात्री लवकर पटते ती मालकांची. बाबांचा जबाब कसा झाला, तो आमच्या कल्पनेप्रमाणं देतो.

"धोका कुणापासून आहे?"

"डुकरापासून, साहेब."

"नाव-पत्ता?"

"कळप हाय. ईस-पंचवीसचा. पत्ता जंगल."

"जुनं वैर?"

"दरसालचं हाय. सोयाबीन उगवल्यापासून काढणीपस्तोर."

"आधी कुठं तक्रार दिली होती का?"

"वन खात्याकडं दिली. पंचनामा झाला. ते म्हणाले, मारायची परवानगी देतो, पण आधी बंदुकीचं लायसन दाखवा."

"मग वन खात्याचं तसं पत्र आणा, लायसनचं बघू."

"बरं."

"वार्षिक उत्पन्न किती?"

"डुकरं ठेवतील तेवढं."