टर्बोपंत

कॅलिफोर्नियाच्या उपनगरांत घर बांधताना दोन मोटारी मावतील एवढे गॅरेज बांधण्याचा प्रघात आहे, आणि त्या गॅरेजात मोटारीखेरीज सर्व चीजवस्तू भरून मोटार मात्र रस्त्याच्या कडेला उन्हात उभी करण्याचा प्रघातही तितकाच रूढ आहे. या दुसऱ्या प्रघातास अपवाद म्हणून, ज्याच्या गॅरेजात खरोखरच मोटार असते, परंतु ती तेथून सहसा बाहेर पडत नाही, असा एक गृहस्थ तिकडे आढळतो. वर्णाने, वंशाने आणि चरितार्थाच्या साधनाने हे गृहस्थ परस्परांहून कितीही भिन्न असोत, वृत्तीने ते इतके एकरूप असतात की त्या सर्वांचा एकाच नावाने निर्देश करणे सोयीचे व्हावे, म्हणून मी त्यांस टर्बोपंत म्हणतो. संगणकाच्या नोकरीनिमित्त तिकडे जाऊन स्थायिक झालेला आपल्यातला एखादा खराखुरा पंत त्यांत निघाला, तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

पंतांची मोटार बहुधा माझदा आरएक्स-७ असते, आणि तीही तिसऱ्या पिढीची, म्हणजे अमेरिकेत १९९३ ते १९९५ एवढ्याच सालांचे नमुने विकले गेले ती. हिच्या इंजिनात दट्ट्या नाही आणि झडपाही नाहीत. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेप्रमाणे एका लंबगोल पेटीत एक फुगीर त्रिकोण गरगरत असतो, आणि त्या त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना बसवलेल्या बोटभर लांबीच्या धातूच्या पट्ट्यांवर यंत्राचा जीव आणि पंतांची झोप अवलंबून असते. असे दोन त्रिकोण मिळून आकारमान अवघे १३०८ घन सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या कुटुंबवत्सल मोटारीएवढे; पण शक्ती २५५ घोड्यांची, कारण त्यांच्या दिमतीला दोन टर्बो आहेत. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबावी, ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली पेटंट करून घेतली. वाया जाणारे ते कामी लावावे, असा तिच्यामागील शुद्ध काटकसरीचा विचार होता; त्या विचारातून दिवाळखोरीकडे जाणारा मार्ग शोधून काढण्याचे श्रेय मात्र सर्वस्वी पंतांचे आहे.

दुसरी एखादी मोटार ऑइल पिऊ लागली तर तो रोग समजला जातो. ही पिते तो तिचा स्वभाव आहे, कारण त्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून कारखान्यानेच थोडे थोडे ऑइल जाळण्याची तजवीज करून ठेवलेली असते. एवढ्याने तिचे भागत नसेल, अशा वात्सल्ययुक्त शंकेने पंत पेट्रोलच्या टाकीतही निराळे ऑइल मापून ओततात. दौड संपवून घरी आल्यावर ते लगेच किल्ली फिरवीत नाहीत. घामाघूम झालेल्या घोड्याला फिरवून निववल्याशिवाय स्वार जसा त्याला तबेल्यात बांधीत नाही, तसे ते तापलेल्या टर्बोतील ऑइल जळून त्याचा कोळसा होऊ नये म्हणून दारातच इंजिन सुरू ठेवून स्वस्थ बसून राहतात. आळीतील नव्या बिऱ्हाडकरूंना वाटते की हा मनुष्य घरात जायला भितो आहे.

एक टर्बो आरंभापासून राबतो आणि दुसरा मिनिटाला सुमारे ४५०० फेऱ्या झाल्या की मदतीस धावतो. हे हस्तांतर बिनबोभाट व्हावे म्हणून जपानी अभियंत्यांनी इंजिनावर बारीक रबरी नळ्यांचे जे जंजाळ पसरले आहे, त्याला तिकडचे जाणकार उंदराचे घरटे म्हणतात. इंजिनाच्या धगीने या नळ्या कालांतराने कडक होतात, तडकतात, आणि त्यांतील नेमकी कोणती तडकली हे बाहेरून दिसत नसल्यामुळे पंत त्या साऱ्याच उपटून सिलिकॉनच्या नव्या घालण्याचा संकल्प सोडतात. हे काम शनिवारी सकाळी सुरू होते. कोणत्या शनिवारी संपते, याविषयी भाकीत करू नये.

येथवर जे झाले ती निव्वळ निगा होती, आणि निगेपाशी थांबले असते तर पंत सज्जन म्हणूनच ओळखले गेले असते. परंतु बॉनेटखालची उष्णता कमी व्हावी, एवढ्या निष्पाप हेतूने ते एके दिवशी टर्बोच्या पाठीशी असलेला धूर गाळणारा डबा काढून तेथे मोकळा पाईप बसवतात. धुराची वाट मोकळी झाल्यामुळे टर्बो अधिक जोराने फिरतो, कारखान्याने ठरवून दिलेला दाब ओलांडून हवा आत घुसते, त्या हवेला पुरेल एवढे पेट्रोल मूळच्या इंजेक्टरांतून येत नाही, मिश्रण रोडावते, वेळेआधीच स्फोट होतो, आणि त्या बोटभर पट्टीचा तुकडा पडून तो धुराच्या वाटेने जाताजाता टर्बोच्या पात्यांचीही वासलात लावतो. म्हणून मोठे इंजेक्टर. त्यांना पुरवठा म्हणून मोठा पंप. हवा निववायला मोठा इंटरकूलर. ही शक्ती चाकांपर्यंत जावी म्हणून दणकट क्लच. आणि इतक्या वेगात निघालेले वाहन कोठेतरी थांबणेही इष्ट असल्यामुळे नवे ब्रेक. या प्रत्येक पायरीवर पंत पत्नीला सांगतात, “आता एवढंच राहिलंय.” हे ते खोटे बोलत नाहीत, त्या क्षणी त्यांची तशी प्रामाणिक समजूत असते. पत्नीच्या साध्या गाडीचे ऑइल मात्र बाहेरून बदलून आणावे लागते, कारण त्यासाठी पंतांना सवड नसते.

इंजिन उघडण्याचा प्रसंग आला की फ्लायव्हीलच्या एका नटाशी गाठ पडते. हा नट ५४ मिलिमीटरचा, आणि आवळलेला असा की पान्याच्या दांड्याला माणसाएवढा पाईप जोडून त्यावर लोंबकळावे लागते. एरवी पंतांकडे कोणी फिरकत नाही. परंतु त्या दिवशी ते जातीने दारोदार जाऊन वजनदार शेजारी गोळा करतात.

पंतांचा इतिहासाचा व्यासंगही दांडगा असतो. १९६२ साली ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची टर्बोची मोटार काढली, तेव्हा पाणी आणि मेथॅनॉल यांचे एक मिश्रण निराळ्या टाकीत वेळोवेळी भरावे लागे. लोक ते भरायला विसरत, तक्रारी करत, आणि पुष्कळांनी अखेर टर्बो काढून टाकून साधा कार्ब्युरेटर बसवून घेतला. पुढच्याच वर्षानंतर ती गाडी बंद पडली. या हकिकतीवरून कोणीही यंत्र सदोष होते असा निष्कर्ष काढील. पंतांचा निवाडा असा की लोक त्या यंत्राच्या लायकीचे नव्हते.

सरकारशी त्यांचा संबंध दर दोन वर्षांनी येतो. धुराच्या तपासणीत नळकांड्यातला धूर तर मोजतातच, शिवाय तपासनीस बॉनेट उघडून मूळचे भाग जागच्या जागी आहेत की नाहीत हे पाहतो, आणि फेरफार केलेल्या भागावर राज्याच्या हवा-मंडळाचा सवलत-क्रमांक नसेल तर गाडी नापास करतो. पंत कायद्याला मानणारे असल्यामुळे, म्हणजे कायद्याची तारीख मानणारे असल्यामुळे, मूळचे सारे भाग जुन्या चादरींत गुंडाळून, चिठ्ठ्या लावून माळ्यावर ठेवतात आणि तपासणीच्या आदल्या आठवड्यात बसवतात. गाडी उत्तीर्ण होते. शांत चालते, तापत नाही, कुरकुरत नाही. परतीच्या वाटेवर पंत अस्वस्थ असतात, आणि संध्याकाळपर्यंत ते भाग पुन्हा चादरीत गेलेले असतात.

हिशेबात ते फडणिसासारखे काटेकोर. प्रत्येक नट, गॅस्केट आणि डब्याची पावती तारीखवार लावलेली, तपशील स्वच्छ अक्षरात. फक्त बेरजेचा रकाना कोरा. गाडी कधी विकलीच तर हे पावत्यांचे जाडजूड बाड पाहून गिऱ्हाईक हवी ती किंमत देईल, अशी त्यांची श्रद्धा असते. वाचकांपैकी कोणाला असा शेजारी लाभला तर त्याला नट सैल करायला अवश्य मदत करावी, त्याची चहा-कॉफीही घ्यावी. परंतु आज बाजारात या मोटारीला सर्वांत जास्त किंमत येते ती कोणी हात न लावलेल्या नमुन्याला, ही गोष्ट त्याच्यापुढे काढू नये.