दीडशे रुपयांची बोली

नगरकराला रणगाड्याचं कौतुक सांगायला जाऊ नये. केके रेंजवर रणगाड्यांचा सराव सुरू झाला आणि सावेडीत खिडक्यांच्या काचा थरथरल्या, की पुण्याहून आलेला पाहुणा खुर्चीचे हात घट्ट धरतो. आपण त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढतो. दौंड रस्त्याला व्हीआरडीई या लष्करी वाहन संशोधन संस्थेच्या अंगाने आठ चाकांचं एखादं धूड समोरून आलं, तर साइड कोणी कोणाला द्यायची एवढाच प्रश्न आपल्याला पडतो.

अशा गावात हयात घालवून मी सैन्यात मात्र कधी नव्हतो. माझं सगळं शौर्य एका पतसंस्थेच्या वसुली खात्यात खर्ची पडलं. पण माझी मिशी भरघोस आहे, पाठ ताठ आहे (कमरेच्या पट्ट्यामुळे असली तरी ताठ ती ताठच) आणि आवाजात थकबाकीदारांनी घडवलेला दरारा आहे. भिंगारच्या बाजारात एखाद्या अनोळखी माणसाने अदबीने थांबून "साहेब, कुठल्या रेजिमेंटला होता?" असं विचारावं, ही माझी उतारवयातली एकमेव महत्त्वाकांक्षा. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर लोक चारधाम करतात. मी डिस्पोजलची जिप्सी घेतली.

मिलिटरी गाडी विकते ती एकेक करून नव्हे. लॉट निघतो, एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन लिलाव होतो आणि माल 'जसा आहे, जिथे आहे' उचलायचा असतो. म्हणजे गाडी म्हटली की तिला इंजिन असणारच, असा नागरी भाबडेपणा इथे चालत नाही. व्यापारी लॉट उचलतात आणि मग त्यातली एखादी गाडी हातोहात फिरत आमच्यासारख्या हौशी माणसापर्यंत येते. माझी आली तेव्हा हिरवीगार होती. पाटीवर वर टोक केलेला तो लष्करी बाण, बाणापुढे खरेदीचं साल सांगणारे दोन आकडे. मी आरशासमोर मिशीला पीळ भरला.

तेवढ्यात मला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम भेटला. ऑलिव्ह ग्रीन हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांचा. इतर कोणी तो लावायचा नाही. बाण तर गेलाच होता, आता रंगही गेला. ज्या दोन गोष्टींसाठी गाडी घेतली त्या दोन्ही काढून घेऊन सरकारने मला उरलेली गाडी ठेवायला परवानगी दिली. जिल्ह्याचं नाव बदललं तरी पासिंग एमएच १६ च मिळालं, म्हणजे माझ्यात आणि टेम्पोत काही फरक उरला नाही.

"पांढरा द्या, डागडुजीला स्वस्त पडतो," सौ. म्हणाल्या. दिला. पहिल्याच संध्याकाळी मी काळा चष्मा लावून गल्लीतून फेरी मारली, तर समोरच्या काकूंनी गॅलरीतून हाक दिली, "अहो, आमच्या बाजूला धूर कधी मारणार? डासांनी जीव घेतलाय!" पुढे निवडणूक लागली तेव्हा चौकातली पोरं गाडी थांबवून उमेदवार कोण म्हणून विचारू लागली. कुठल्या रेजिमेंटला होता, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

माझी जिप्सी निदान माझ्या मिजाशीच्या कामी आली. तिच्या भाऊबंदांनी खरी कामं केली आहेत. जबलपूरच्या कारखान्यात निस्सानच्या परवान्यावर बनणारी जोंगा १९९९ साली बंद झाली, पण गॅरेजवाल्यांनी तिला निवृत्त होऊ दिलं नाही. चार लिटरचं पेट्रोल इंजिन कोणाला पोसवणार? ते काढून डिझेल इंजिन बसवायचं, मागे लोखंडी दांडा आणि हूक लावायचा, की झाली क्रेन. गळीत हंगामात उसाची ट्रॉली रस्त्यावर आडवी झाली, की सगळा गाव सल्ला देतो आणि जोंगा ओढते. दिल्लीत दुसऱ्या महायुद्धातल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे डबा जोडून त्यांच्या फटफट्या केल्या होत्या. रणांगणासाठी घडलेली ती इंजिनं पुढे कित्येक दशकं कनॉट प्लेसचे कारकून वाहत होती. आणि आपली विक्रांत! १९७१ च्या युद्धात गाजलेली ही विमानवाहू नौका १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून राहिली, २०१४ मध्ये भंगारात गेली, आणि २०१६ मध्ये बजाजने तिचं पोलाद वापरून मोटारसायकल काढली. शत्रूला धडकी भरवणारं जहाज. त्याला आपण शेवटी काय विचारलं? ॲव्हरेज किती देते?

हेलिकॉप्टरांचं नशीब जरा बरं. चेतक हे मूळ फ्रेंच बनावटीचं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेली चेतकं १९६५ पासून सैन्यात आहेत आणि त्यांची निवृत्ती वर्षानुवर्षं पुढे ढकलली गेली आहे. मी त्याच सालचा. मला अठ्ठावन्नाव्या वर्षी वेळेवर नारळ मिळाला. चेतक आणि त्याचा धाकटा भाऊ चीता यांनी लढाईपेक्षा हमालीच जास्त केली. पुरात अडकलेल्यांना उचलायचं, बर्फातल्या चौकीवर रॉकेल पोचवायचं, आजारी जवानाला खाली आणायचं. आपल्या जिल्ह्यात हेलिकॉप्टरला सुचलेला नवा उपयोग म्हणजे नवरदेव. उसाचं बिल चांगलं आलं, की तो आकाशातून मांडवात उतरतो. ती हेलिकॉप्टरं भाड्याची असतात, खाजगी कंपन्यांची. लष्करी हेलिकॉप्टर वरातीला मिळत नाही. आमच्या चिरंजीवांच्या वेळी मी चौकशी करून ठेवली आहे.

लिलावाचा विषय निघाला आहे, तर आता मुलूखमैदान तोफेबद्दल बोलणं भाग आहे. हा माझा आजार आहे. तोफेचं नाव काढलं की सौ. स्वयंपाकघरात जातात, वाचकांनाही तेवढी मोकळीक आहे.

विजापूरच्या तटावर जाऊन ही तोफ बघणाऱ्या दहा मराठी माणसांतल्या नऊ जणांना वाटतं, की ती विजापूरची. साफ चूक! ती नगरची. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, १५४९ साली, ती इथे ओतली गेली. ओतणारा रूमी, म्हणजे तुर्कस्तानाकडचा कारागीर. वजन साधारण पंचावन्न टन. नुसत्या वजनात बोलायचं, तर आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयातले बरेचसे रणगाडे तिच्यापुढे पोरं ठरतील. तोंडाशी आ वासलेला मकर आणि त्याच्या दाढांत चिरडला जाणारा हत्ती. धातू असा, की भर उन्हात हात लावला तरी गार आणि बोटाने टिचकी मारली तर घंटेचा नाद. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत रूमीने या तोफेत गोळ्यांऐवजी तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासून डागल्या, असं सांगतात. पैसा फेकून लढाई जिंकण्याची कला आपल्या जिल्ह्यात सहकारी कारखान्यांनंतर आली, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे साल वहीत लिहून ठेवावं.

पुढे तोफ परांड्याला गेली. तिथून १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. हा मुरार जगदेव म्हणजे पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवणारा सरदार. त्यामुळे नगरकराच्या मनात त्याच्याविषयी थोडी आपुलकी असू शकली असती, पण त्याने तोफ नेली. तिची जोडीदारीण 'कडक बिजली' वाटेत नदीत बुडाली म्हणतात. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने मुलूखमैदानावर आपलाही लेख कोरून घेतला. जुनी गाडी घेतली, की मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' लिहितात, तो प्रकार इतका जुना आहे.

आणि आता खरी गोष्ट. १८५४ साली इंग्रज सरकारने निरुपयोगी सामान विकून टाकायचा हुकूम काढला. मुलूखमैदानही त्या यादीत गेली. लिलाव झाला. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची! तालिकोट पाहिलेल्या, पंचावन्न टनांच्या, नगरच्या लेकीची किंमत दीडशे रुपये. ज्याच्यापुढे ही बोली आली तो मामलेदार नियमाने वागला असता तर आज ती तोफ घंटांच्या आणि घंगाळांच्या रूपाने घरोघर असती. पण त्याला वाटलं, की ही रक्कम फार कमी आहे आणि लोकांची या तोफेवर श्रद्धा आहे. त्याने तसं वर कळवलं. विक्री रद्द झाली. सरकारी कामकाजाच्या इतिहासात एका मामलेदाराने लिहिलेल्या कागदामुळे एवढी जड वस्तू जागची हलली नाही, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. नगरच्या एका तरी चौकाला त्या मामलेदाराचं नाव द्यायला हवं, असं मी पतसंस्थेच्या वार्षिक सभेत मांडलं होतं. सभेने चहा मागवला.

असो. संग्रहालयाकडे वळू. आर्मर्ड कोअर सेंटरने १९९४ साली उघडलेलं हे रणगाडा संग्रहालय पाहुण्यांना दाखवायला बरं पडतं. पन्नासच्या आसपास रणगाडे उघड्यावर उभे आहेत. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे, ब्रिटिशांचे माटिल्डा आणि चर्चिल आहेत, जपानी आहेत, आपला आवडीच्या कारखान्यात बनलेला विजयंता आहे. एकेकाळी एकमेकांच्या जिवावर उठलेले हे सगळे आता एकाच हिरवळीवर शाळेच्या सहलींना पाठीमागचा देखावा पुरवतात. त्यांच्यात पाकिस्तानचा अमेरिकन पॅटनही आहे. १९६५ मध्ये खेमकरणच्या शिवारात, असल उत्तरला, या जातीच्या रणगाड्यांचा ढीग लागला होता.

त्याच खेमकरण आघाडीवर त्या वर्षी आपल्याच जिल्ह्यातला एक लष्करी ट्रक ड्रायव्हर होता. हल्ल्यातून वाचला, पुढे १९७५ मध्ये निवृत्त होऊन पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावी आला. गावाचं नाव राळेगणसिद्धी, ड्रायव्हरचं नाव किसन बाबूराव हजारे. अण्णांच्या नंतरच्या आंदोलनांबद्दल कोणाचं काय मत असेल ते असो. पण लष्करातून परत आलेल्या माणसाने गावात पाणी अडवलं, दारू थांबवली आणि लोक बसभरून बघायला आले, एवढं आपल्या डोळ्यांसमोर घडलं आहे. पॅटनला आपण चबुतरा दिला आणि तो जागेवर बसला. ड्रायव्हरला गाव मिळालं आणि त्याने ते चालवलं.

पण राळेगणसिद्धी एकच. लष्करी लोखंडाचा नवा उपयोग केके रेंजच्या कडेला वेगळ्याच रीतीने होतो. सरावानंतर पडलेले तुकडे वेचून भंगारात विकणारी माणसं तिथे आहेत. न फुटलेला गोळा हाताळताना खारे कर्जुन्याच्या परिसरात माणसं मेली आहेत. तिथे बोली किलोवर लागते, आणि 'रक्कम कमी वाटते' असं वर कळवायला कोणी मामलेदार नसतो.

आणि आमच्या कॉलनीच्या फाटकावर मेजर असतात. हे खरे मेजर नव्हेत. आपल्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. हे हवालदार म्हणून निवृत्त झाले. शिपाई माणूस पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडतो, पोरं शाळेत असतात, पेन्शन पुरत नाही. मग बँकेचं दार, एटीएमची खुर्ची, नाहीतर आमच्यासारख्यांचं फाटक. बारा तासांची पाळी. यांच्या पगाराचा विषय सोसायटीच्या सभेत निघाला, तेव्हा आम्ही सुशिक्षित सभासदांनी जी घासाघीस केली ती ऐकताना मला १८५४ चा तो लिलाव आठवला. फरक इतकाच, की इथे बोली लावणाऱ्यांत मी होतो.

माझी जिप्सी पहिल्यांदा फाटकातून आत आली तेव्हा मेजर उठून उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. मी हरखून गेलो. मिशीवरून हात फिरवत मान तुकवली. मेजर माझ्याकडे बघतच नव्हते. ते बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "हिच्यावर मी होतो साहेब. हीच नाही, पण हिच्याच जातीची. राजस्थानात. उन्हात रेडिएटर कसा सांभाळायचा, तुम्हाला सांगून ठेवतो." मग त्यांनी पांढऱ्या रंगाकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

आता सुटीच्या दिवशी मेजर गाडी चालवतात आणि मी डावीकडे बसतो. भिंगारमधून जाताना कोणी ना कोणी हात उंचावून "काय मेजर!" म्हणतं. मी तो सलाम स्वीकारत नाही, असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

तेव्हा वाचकहो, डिस्पोजलची गाडी घेऊ नका. पेट्रोल पिते, आवाज करते आणि कोणी कर्नल म्हणत नाही. त्यापेक्षा तुमच्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलेल्या माणसाला एकदा त्याची युनिट विचारा आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत त्याच्या पगाराचा विषय निघाला, की हात वर करून एवढंच म्हणा: रक्कम फार कमी वाटते.