सॉरॉनतर्फे मामा

बिलं मंजूर करणं हे कोषागाराचं काम, असं बाहेरच्यांना वाटतं. माझ्या मामेसासऱ्यांच्या मते कोषागाराचं काम बिलं परत पाठवणं. मंजुरी ही त्रुटी सापडली नाही याची नाइलाजाने दिलेली कबुली. ‘महाराष्ट्र कोषागार नियम, १९६८’ हाताशी ठेवून त्यांनी उभी नोकरी काढली. निवृत्तीनंतर काही काळ ते सोसायटीच्या उपविधींवर जगले. सेक्रेटरी फ्लॅट विकून गेल्यावर तोही आधार तुटला. अशा पडत्या काळात माझ्या बायकोने, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भाचीने, त्यांना ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम’ शिकवायचं मनावर घेतलं.

“मामा, तू बस तर खरं. खेळता खेळता कळेल.”

“खेळता खेळता चुका होतात,” मामा म्हणाले. “पुस्तिका आण.”

हा खेळ नेट फ्रेंचने रचला आणि फँटसी फ्लाइट गेम्सने २०११ साली काढला. टोल्किनच्या जगातले लोक, पण खेळाडू आपसांत लढत नाहीत. सगळे मिळून एका गठ्ठ्याशी, म्हणजे त्या जगातल्या दुष्ट सॉरॉनच्या बाजूशी, लढतात. प्रत्येकाकडे जास्तीत जास्त तीन हिरो आणि निदान पन्नास पत्त्यांचा आपापला डेक. समोर एन्काउंटर डेक, त्यात ऑर्क, कोळी, ट्रोल, वाटेतल्या अवघड जागा आणि ऐन वेळी कोसळणारी संकटं. प्रत्येकापुढे थ्रेटची एक तबकडी असते. ती दर फेरीला चढते, आणि पन्नासावर गेली की खेळाडू बाद.

मामांनी पुस्तिका घरी नेली. परत आणली तेव्हा तिला खाकी कव्हर होतं, पानापानांत खुणेचे कागद होते आणि पहिलीच त्रुटी तयार होती : तेव्हाचा एक डबा जास्तीत जास्त दोघांपुरता होता, तिसरा माणूस बसवायचा तर दुसरा डबा लागायचा. “आपण तिघं आहोत,” ते म्हणाले. “तूर्त तुम्ही दोघं खेळा. मी नुसता बघतो.” मामा नुसते बघतात म्हणजे काय होतं ते आम्हाला लग्नाच्या याद्या करतानाच कळलं होतं. आम्ही मुकाट्याने दुसरा डबा घेतला.

अँडुइन नदीच्या मोहिमेत हिल ट्रोल भेटतो. हल्ला सहाचा, जीव नऊचा. माझे हिरो क्वेस्टवर दमून आडवे झाले होते, म्हणून मी स्नोबोर्न स्काउट पुढे केला. एका रिसोर्सचं (रिसोर्स म्हणजे खेळातलं चलन) माणूस, त्याचा जीवही एकच. राक्षसापुढे सर्वांत स्वस्त माणूस उभा करायचा, तो मरतो आणि हिरो वाचतो, ही नवशिक्यांची आवडती युक्ती. (सेनापतींचीही असावी, पण तो विषय वेगळा.) मी स्काउट उचलला आणि पुढच्या कामाला लागलो.

“थांबा. हल्ला सहा, बचाव एक, नुकसान पाच,” मामा म्हणाले. “मयताचा जीव एक. चार शिल्लक राहतात. ती कुठे दाखवलीत?”

“दाखवायची काय? मेला ना तो.”

“जावईबापू, ट्रोलचा पत्ता वाचा.”

वाचला. मरणाऱ्याला पुरून उरलेलं नुकसान आपल्या थ्रेटमध्ये मिळवायचं, असं त्यावर स्पष्ट छापलेलं होतं. मामांनी माझी तबकडी स्वतःच्या हाताने चार घरं पुढे फिरवली. “मयताच्या नावावर शिल्लक ठेवता येत नाही,” ते म्हणाले.

बायकोचा लाडका पत्ता ‘अ टेस्ट ऑफ विल’. समोरच्या गठ्ठ्यातून काही भयंकर निघालं की एक रिसोर्स मोजून ती हा पत्ता असा आपटते की शेजारची मांजर उठून बसावी. पत्ता आपटला की संकट संपलं, हा आमचा समज बरेच दिवस सुखाने नांदला. मामांनी त्याचा निकाल लावला.

“रद्द काय होतं? फक्त ‘व्हेन रिव्हील्ड’नंतरचा मजकूर. वर ‘सर्ज’ लिहिलंय, तो कीवर्ड आहे. तो कायम. आणखी एक पत्ता उघड. ‘डूम्ड’ असता तर थ्रेटही वाढवायला लावला असता.”

“मामा, मी अख्खा पत्ताच रद्द केला होता.”

“अख्खा पत्ता रद्द होत नाही. त्यातला एक परिच्छेद रद्द होतो.”

“तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस रे?”

“परिच्छेदाच्या.”

मला हे हळूहळू उमगत गेलं की यात मामांच्या स्वभावाइतकाच खेळाच्या रचनेचाही हात आहे. रमीत कोणी खोटा सिक्वेन्स लावला तर समोरचा ओरडून उठतो. कॅरममध्ये स्ट्रायकर रेषेबाहेर गेला की तीन बोटं एकदम त्याच्याकडे वळतात. प्रत्येक नियमाला तिथे फुकटचा राखणदार असतो, कारण त्यात कोणाचा तरी फायदा असतो. सहकारी खेळात प्रतिस्पर्धी कागदाचा. ट्रोल स्वतःचे हक्क सांगू शकत नाही. मग तीन सुशिक्षित माणसं चहा पिता पिता एकमताने ठरवतात की या ठिकाणी नियमाचा अर्थ जरा सोयीचा घेऊ, आणि कोणाची झोप उडत नाही, कारण लुबाडलेला इसम टेबलावर नसतोच. मामांची झोप उडाली. गैरहजर पक्षाविरुद्ध एकतर्फी निकाल चालले आहेत, हे त्यांना पाहवेना. तेव्हापासून आमच्या टेबलावर सॉरॉनतर्फे मामा हजर असतात.

मोबदला काही नाही. उलट स्वतःच्या युक्तिवादाने त्यांनी स्वतःचेच हिरो मारले आहेत, आणि तेही निकाल लागल्याच्या समाधानात. एकदा त्यांचा गिम्ली हकनाक मरत असताना मी दयाबुद्धीने म्हणालो, “मामा, राहू द्या, या वेळी धरू नका.” ते दुखावले. “राहू द्या म्हणजे काय? कशाखाली?”

बरं, हा वकील पक्षपातीही नाही. प्रवास करून ज्या ठिकाणी पोचलो त्या ठिकाणाचा थ्रेट बायको इमानाने मोजत होती. मामांनी तिला अडवलं : ॲक्टिव्ह लोकेशनचा थ्रेट धरत नाहीत, रक्कम कमी कर. भाचीचा फायदा होत होता, पण चेहरा तोच, ट्रोलच्या वेळचा. जास्त मागणीला आणि कमी मागणीला ते एकाच शाईने त्रुटी लावत असणार.

मामांना भरून आलेलं मी एकदाच पाहिलं आहे : या खेळाला शुद्धिपत्रक आहे हे कळलं तेव्हा. प्रकाशकांनी काही छापील पत्त्यांचा मजकूर नंतर बदलला. ‘हॉर्न ऑफ गॉन्डॉर’ पूर्वी कोणीही खेळातून बाहेर गेलं की एक रिसोर्स द्यायचा. आता तो मनुष्य मेलाच असला पाहिजे. एकेक थ्रेट मोजून बोरोमीरला हवं तितक्यांदा उठवता यायचं. आता एका फेजमध्ये एकदाच. “खेळण्यालासुद्धा शुद्धिपत्रक!” मामा पुन्हा पुन्हा म्हणत होते. आपण सोडून आलो ते जग इथेही आहे, असं काहीतरी त्यांना झालं असावं. त्यांनी छापील प्रत मागवली, मजकुराच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि एकेका पत्त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात त्या सरकवल्या.

त्यातली एक पट्टी बेरावोरची होती. या बाईला दमवलं की कोणाही एका खेळाडूला दोन पत्ते ओढता येतात. ‘अनएक्स्पेक्टेड करेज’ हा पत्ता दमलेल्या हिरोला पुन्हा उभं करतो. तो तेव्हाच्या एका डब्यात एकच यायचा. पण आमच्याकडे, मामांच्याच कृपेने, डबे दोन होते. बायकोने दोन्ही पत्ते बेरावोरला जोडले आणि फेरीला सहा-सहा पत्ते ओढत राजेशाही थाटात खेळू लागली. शुद्धिपत्रक म्हणतं, फेरीत एकदाच. बायकोने मान्य केलं. तिला वाटलं प्रकरण मिटलं.

“आणि आधी ओढलेले?” मामांनी विचारलं.

“आधी आपल्याला माहीत नव्हतं ना!”

“अतिप्रदान माहीत नसतानाच होतं. माहीत असून होतं त्याला वेगळं कलम आहे.”

वसुली हप्त्यांनी ठरली. पुढचे काही खेळ सुरुवातीला सहाऐवजी पाचच पत्ते हातात. बायकोने हप्ते फेडले. शेवटच्या हप्त्यानंतर मामांनी तिला “निरंक” असं लिहून सही करून दिलं. तो कागद अजून डब्यात आहे.

पण मामांच्या बुद्धीला खरी धार चढते ती बोलण्याच्या नियमावर. खेळताना आपसांत सल्लामसलत मोकळेपणी करावी, मात्र हातातल्या पत्त्याचं नाव घेऊ नये आणि त्यावरचा मजकूर वाचून दाखवू नये, असा नियम आहे. बहुतेक लोक हा विसरतात. मामांच्या टेबलावर विसरता येत नाही. बायकोच्या हातात गँडाल्फ होता. पाच रिसोर्सचा, फार उपयोगी, पण फेरीअखेर निघून जाणारा. मी सगळे रिसोर्स एकत्र उधळायच्या बेतात होतो आणि मला थांबवणं तिला भाग होतं. नवऱ्याचं नाव घ्यायला जी कधी अडली नाही, तिने इथे नाव टाळायला उखाणा घेतला :

“पांढरी दाढी, निळी टोपी, हातामध्ये काठी, एका फेरीपुरता येतो आपल्या भेटीसाठी.”

मी वाहवा करणार तोच मामांनी हात वर केला. “दाढी, टोपी, काठी हे वर्णन आहे. मान्य. ‘एका फेरीपुरता’ हा पत्त्यावरचा मजकूर आहे. अमान्य.”

“मी मराठीत सांगितलं!”

“भाषांतराने मजकुराचं स्वरूप बदलत नाही.”

तिने दुसरी ओळ बदलून पुन्हा घेतला. यमक बिघडलं, उखाणा मंजूर झाला.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की मामांना हरण्याची हौस आहे. मलाही वाटायचं. मग आम्ही त्याच प्रकाशकांचा २०१६चा ‘आर्कहॅम हॉरर : द कार्ड गेम’ आणला. त्यात ‘ग्रिम रूल’ नावाचा नियम आहे : शंका आली आणि उत्तर सापडेना, तर खेळाडूंना सर्वांत वाईट पडेल तो अर्थ घ्या आणि पुढे चला. हा मामांसाठीच केलेला नियम, असं मी हसत हसत म्हणालो. मामांनी तो वाचला आणि पुस्तक मिटलं. “हा आळशी माणसाचा नियम आहे,” ते म्हणाले. “वाईट अर्थ म्हणजे बरोबर अर्थ नव्हे. शंका आली की स्वतःच्या नावावर खर्ची टाका आणि मोकळे व्हा! मग वाचायचं कोणी?” सॉरॉनला त्याच्या हक्काचं मिळालं पाहिजे, वर एक पैसाही द्यायला ते तयार नाहीत.

अशा माणसाची कोंडी एकदाच झाली. आणि ती पुस्तिकेनेच केली.

फेरी संपत आली होती, रिफ्रेश फेज. दमलेले सगळे उभे झाले, प्रत्येकाचा थ्रेट एकाने चढला, बायकोचा अठ्ठेचाळीसवर गेला, आणि पहिल्या खेळाडूचं टोकन सरकून मामांपुढे आलं. बायकोने ताज्या झालेल्या बेरावोरकडून दोन पत्ते ओढले, फेरीतले पहिलेच, नियमात बसणारे. त्यात ‘स्नीक अटॅक’ निघाला. आलेला पत्ता तिला हातात ठेववत नाही. एक रिसोर्स टाकून तिने हातातला गँडाल्फ खाली उतरवला आणि थ्रेट पाचने कमी केला. इथवर मामांनीही मान डोलावली.

मग त्यांची भुवई वर गेली. ‘स्नीक अटॅक’ म्हणतो, फेज संपताना हा माणूस हातात परत. गँडाल्फचा पत्ता म्हणतो, फेरी संपताना मी बाहेर. रिफ्रेश ही शेवटची फेज. ती संपते त्याच क्षणी फेरीही संपते. कोणतं आधी? हातात आला तर पुढच्या फेरीला पुन्हा वापरता येईल, बाहेर गेला तर गेला. मीच घाईने पुस्तिका उघडली. परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी घडत असतील तर क्रम पहिल्या खेळाडूने ठरवावा.

तिघांनी टोकनकडे पाहिलं.

“म्हणजे मी ठरवायचं?” मामांनी विचारलं. “कोणत्या निकषावर?”

“निकष नाहीत, मामा. तुम्हाला वाटेल तसं.”

“वाटेल तसं, असं लिहिलंय?” त्यांनी पुस्तिका घेतली, चष्मा पुसला, पान वाचलं, मागचं वाचलं, शुद्धिपत्रक काढलं. निकष नव्हते. “शिवाय मी अर्जदाराचा सख्खा मामा. घरच्या बिलावर मी कधी सही केली नाही.”

“मामा, तू फक्त ‘हातात’ म्हण,” बायको म्हणाली. “कोण विचारणार आहे तुला? सॉरॉन?”

“तेच तर. तो विचारू शकत नाही.”

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मामांनी खिशातून पेन काढलं, वहीची दोन पानं फाडली आणि एक भाचीपुढे सरकवलं. “मी निर्णयाला बसलो तर बाजू मांडता येणार नाही. दोन्ही पक्षांचं म्हणणं लेखी घेऊ.” दुसरं पान त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. “सॉरॉनतर्फे आज तुम्ही, जावईबापू.”

मी पेन उघडलं. गँडाल्फला घालवावं या बाजूने मुद्दे भराभर सुचू लागले, आणि पंचाईत अशी की ते बिनतोड होते. तिसऱ्यावर होतो तेवढ्यात बायकोने माझ्या कागदात डोकावून पाहिलं.

“लिही, लिही,” ती म्हणाली. “रात्री जेवायला मॉर्डोरलाच जा.”