पीटीच्या तासावर डल्ला

सहामाही जवळ आली की वेळापत्रकातला एक तास हमखास चोरीला जातो. पीटीचा. गणिताच्या बाई वर्गात येतात, ‘पोर्शन राहिलाय’ म्हणतात, आणि शूजच्या नाड्या बांधून तयार बसलेली पोरं वह्या उघडतात. पालकांची तक्रार नसते. उलट बाई किती कष्ट घेतात, असं कौतुक होतं.

ही चोरी अभ्यासाच्याच मुळावर येते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांना २० मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं, धाप ओसरू दिली आणि मग चाचण्या घेतल्या. हीच मुलं एका वेगळ्या दिवशी नुसती बसवून तपासली. चालून आल्यावर त्यांचं लक्ष जास्त टिकलं, वाचलेलं जास्त समजलं. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गणितात तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण शाब्दिक उदाहरण सोडवायचं तर आधी ते वाचून कळावं लागतंच की!

डोळ्यांचं तर विचारूच नका. चीनच्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळा सुटताना रोज ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर दिला. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांतल्या जवळपास ४० टक्के मुलांना लांबचं धूसर दिसू लागलं होतं; बाहेर सोडलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होतं. औषध नाही, यंत्र नाही, फक्त मोकळं आकाश. आणि आपण मुलाला चष्मा लागला की मोबाइलला शिव्या देऊन मोकळे होतो.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. आपल्या अनेक शाळांत पीटीचे तास आठवड्याला दोन-तीन. त्यातलाही एक गणिताला, एक स्नेहसंमेलनाच्या तालमीला.

सगळ्यात संतापजनक प्रकार म्हणजे शिक्षा. ‘मस्ती करतोस? आज पीटी बंद!’ ज्या मुलाला एका जागी बसवत नाही, त्याचंच पळणं काढून घ्यायचं आणि पुढच्या तासाला तो चुळबुळ करतो म्हणून पुन्हा ओरडायचं. त्या पोराने करायचं तरी काय?

मुलींचं मैदान तर आणखी लवकर सुटतं. सातवी-आठवीत पोचली की ‘आता काय लंगडी खेळतेस’ हे घरातूनच ऐकावं लागतं. तिची हाडं भरण्याचं वय नेमकं हेच. या वयात उड्या मारून, धावून कमावलेली हाडांची ताकद तिला म्हातारपणापर्यंत पुरवायची असते.

पुढच्या पालकसभेत गुणपत्रिका हातात घेण्याआधी एवढंच विचारा: गेल्या महिन्यात पीटीचे तास किती झाले? वेळापत्रकात छापलेले नकोत, मैदानावर झालेले सांगा.